घागरीची ओटी

समोरच्या घरातल्या चारूवहिनी लग्न होऊन तुळजापुरात आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर पत्र्याची एक ट्रंक होती. ती इतकी जड होती, की टांगेवाल्यानं उतरवताना विचारलं, "बाई, माहेराहून उखळ आणलंय का?" आत कवड्या होत्या. शिवाय काचेचे मणी, रंगीत दोऱ्यांची रिळं, सुया, आणि खणाच्या लाल कापडाचे लहानमोठे तुकडे. माहेरी येडशीला त्या आपल्या आईकडून कवड्यांच्या माळा ओवायला, झोळ्यांवर कवड्या शिवायला शिकल्या होत्या. देवीच्या गावी सासर मिळालं म्हणजे या कामाला तोटा नाही, असं आईनं त्यांना सांगून पाठवलं होतं.

काम होतं, जागा नव्हती. ट्रंक पलंगाखाली राही. ती ओढून काढायची, सगळं बाहेर पसरायचं, हवं ते तळाशीच सापडायचं, आणि जेवायची वेळ झाली की पुन्हा आत कोंबायचं. कवड्या कमी भरत. नंतर त्या राघवेंद्रांच्या सारीपाटाच्या पिशवीत मिळत. राघवेंद्र म्हणजे वहिनींचे पती, तहसील कचेरीत कारकून, माझ्याच वयाचे. मी तेव्हा शाळेत मास्तर म्हणून नुकता लागलो होतो. आपला जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेल्याला वर्ष झालं असेल.

एके दिवशी तुरीच्या वरणात लाल मणी आला आणि तो नेमका दत्तोपंतांच्या दाताखाली सापडला. दत्तोपंत म्हणजे वहिनींचे सासरे, देवीचे पुजारी. माणूस रागीट नव्हता, पण शब्दाचा पक्का. मणी ताटाच्या कडेला ठेवून ते म्हणाले, "सूनबाई, या पसाऱ्याला काही एक जागा कर."

वहिनींनी तो शब्द तिथंच धरला. "मग मामंजी, दाराजवळची खोली मला द्या."

"ती यजमानांची आहे."

पुजाऱ्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या गावची माणसं दर्शनाला येतात, ते त्याचे यजमान. ती सरळ त्याच्याच घरी उतरतात, भाकरी खातात, पथारी टाकतात. दत्तोपंतांच्या घरी त्यांच्यासाठी दाराजवळची ती खोली होती.

"यजमान येतात तेव्हा त्यांचीच," वहिनी म्हणाल्या. "एरवी तिथं कोळ्यांचा संसार असतो."

सासूबाई हयात नव्हत्या, नाहीतर पुढचं बोलणं वेगळं झालं असतं. दत्तोपंतांनी ताक संपवलं आणि म्हणाले, "घे. पण एक ऐकून ठेव. त्या खोलीपायी माझ्या एकाही यजमानाला उन्हात बसावं लागलं, तर तुझी ट्रंक परत पलंगाखाली."

त्यानंतरचे दिवस आमच्या आळीला आठवत राहतील असे होते. सकाळी वहिनींनी भिंतींना चुना दिला, आणि तो वाळायच्या आत माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "मास्तर, तुमची शाळेतली लांब पट्टी द्या." त्यांनी मनाशी एक नियम केला होता: जमिनीवर काहीही ठेवायचं नाही. सगळं भिंतीवर. खिडकीखाली त्यांनी जुन्या दाराची एक फळी बिजागरीवर बसवून घेतली. काम करताना ती खाली पाडायची, काम झालं की वर उचलून कडी लावायची. सुताराला काही ते पटेना. तो म्हणाला, "टेबल करा की बाई, लोक करतात तसं." वहिनी म्हणाल्या, "लोकांच्या टेबलाखाली यजमान झोपत नाहीत."

कचेरीत नव्या राज्याचं नवं दप्तर आलं आणि उर्दू दप्तराची जुनी मांडणी लिलावात निघाली. राघवेंद्रांनी ती घेतली. लहान लहान कप्प्यांची, भिंतीला ठोकून बसवायची, माणसाएवढी मांडणी, प्रत्येक कप्प्यावर उर्दूत खात्याचं नाव. बैलगाडीतून ती उतरली तेव्हा वहिनी इतक्या खूश झाल्या, की गाडीवानाला त्यांनी दोनदा चहा दिला. दत्तोपंत निजामाच्या काळात उर्दू शिकलेले. ते उंबऱ्याबाहेर उभे राहून वाचत. "कवड्या महसुलात आहेत. मणी आबकारीत. दोरा फौजदारीत." हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन उभे राहिले. आत मात्र गेले नाहीत.

तुळजापुरात नारळांच्या करवंट्यांना काय कमी. वहिनींनी त्या घासून गुळगुळीत केल्या आणि एकेकीत एकेका रंगाचे मणी, लहान कवड्या, मोठ्या कवड्या अशी वाटणी केली. फळ्यांना धूळ बसू नये म्हणून खणाच्या लाल कापडाचे पडदे लावले. माळ अंगावर कशी बसेल हे पाहायला माणूस कुठून आणायचा, म्हणून पितळेची एक घागर घेतली. कवड्या पितळेवरून घसरत, तर घागरीला लाल खण गुंडाळला. घागरीच्या गळ्यात माळ घातली की ती कुठवर येते ते नीट कळे. सुया हाताशी असाव्यात म्हणून घागरीच्या तोंडावर आलेल्या खणात त्या टोचून ठेवत आणि वर एक करवंटी पालथी घालत. घागर पाटावर, काम चालेल तेव्हाच.

संध्याकाळी राघवेंद्र कचेरीतून आले की टोपीसकट त्या खोलीत शिरत आणि आज काय नवीन झालं ते बघत. मला हाक मारून नेत. मी गेलो की वहिनी म्हणत, "मास्तर, डोळे मिटा. आता हिरवा मणी मागा." मी मागितला, की डोळे उघडायच्या आत तो तळहातावर पडलेला असे.

भाद्रपदातल्या एका मंगळवारी वहिनी माळ घागरीवर तशीच ठेवून विहिरीवर गेल्या. दत्तोपंत देवळात होते. नेमकी तेव्हा बेंबळीची गाडी आली. धुरपदाबाई, त्यांचा मुलगा बलभीम, सून आणि नातवंडं. दरसाल येणारी माणसं, घर पाठ असलेली. दार लोटून आत गेली आणि तशीच मागं परतली. मी ओट्यावर वह्या तपासत होतो. मला वाटलं, खोलीत साप निघाला की काय. तर धुरपदाबाईंनी सगळ्यांना चपला लांब काढायला लावल्या, डोईवर पदर घेतला आणि गाठोड्यातून नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू काढलं.

थोड्या वेळानं ती सगळी माणसं अंगणात, रणरणत्या उन्हात, गाठोडी मांडीवर घेऊन बसली.

दत्तोपंत, जेवायला आलेले राघवेंद्र आणि पाणी घेऊन आलेल्या वहिनी जवळजवळ एकदमच पोचले. दत्तोपंत म्हणाले, "धुरपदाबाई, उन्हात का? खोली आहे की."

"म्हाराज, देवीम्होरं पाय पसरून कसं बसावं? तुमी घरात ठानं मांडलं, आमाला कळवलं बी न्हाय. वटी भरली म्या. बरं झालं, दुसरा खण आणला हुता."

आम्ही सगळे दारात गेलो. पाटावर घागर, तिला लाल खण, गळ्यात कवड्यांची माळ, वर नारळासारखी करवंटी, आणि पुढं आता खरा नारळ, खण, तांदूळ. हळदकुंकू माळेवर सढळ हातानं वाहिलेलं. दत्तोपंतांचा हात नमस्कारासाठी आपोआप छातीपर्यंत आला. तो त्यांनी जानव्याशी नेऊन थांबवला.

राघवेंद्र वहिनींच्या कानाशी पुटपुटले, "काही बोलू नकोस. आता ही खोली तुझ्याकडून कुणी घेत नाही."

वहिनींनी हंडा खाली ठेवला. "आजी, ती देवी नाही. माळ मोजायची घागर आहे. खोलीत मी काम करते."

धुरपदाबाईंनी घागरीकडं बघितलं, मग वहिनींकडं. "मंजे म्या घागरीची वटी भरली?"

"व्हय आये," बलभीम म्हणाला. "नवस बी बोललीस."

तोवर त्यांच्या सुनेनं तोंडात पदर कोंबला होता. धुरपदाबाई आधी हसल्या, मग ते हसू आवरेचना, दाराला धरून उभ्या राहिल्या. दत्तोपंत मात्र हसत नव्हते.

"सूनबाई, यजमान उन्हात बसले. मी काय म्हणालो होतो?"

"ट्रंक पलंगाखाली," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला. "ठेवते. पण आधी त्यांना आत घेऊ द्या."

त्या आत गेल्या. फळी उचलून कडी लावली. करवंट्या महसुलात, आबकारीत गेल्या. पाट भिंतीला टेकला, घागर वरच्या फळीवर गेली. बलभीम बैल सोडून येईतो खोली मोकळी, झाडलेली, गार. भिंतीवर खुंट्या होत्या, ओली लुगडी टाकायला दोरी होती. त्या खुंट्या कुणासाठी हे आम्हाला तेव्हा कळलं.

धुरपदाबाईंनी भाकरीचं गाठोडं खुंटीला टांगलं आणि मनाजोगे पाय पसरले. "गेल्या साली मुंग्यांनी अर्धी भाकर खाल्ली हुती. आन् म्हाराज, कोन म्हनतं उनात बसवलं? उनात आमी आमच्या खुळेपणानं बसलो. खोलीनं कुठं नगं म्हणलं?"

दत्तोपंत उंबऱ्यावर उभे होते. मग पहिल्यांदाच आत आले. फळीची कडी उघडून पाहिली, लावून पाहिली.

भरलेली ओटी परत घ्यायला धुरपदाबाई तयार नव्हत्या. "घागरीला नगं तर तुला," म्हणून त्यांनी तो नारळ, खण आणि तांदूळ वहिनींच्या पदरात घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान निघताना प्रसादाची पुडी बांधायची होती. दत्तोपंतांनी खोलीकडं तोंड करून हाक मारली, "सूनबाई, फौजदारीतून जरा दोरा दे." वहिनी दोरा घेऊन आल्या. ट्रंकेचा विषय पुन्हा निघाला नाही. पुडी बांधता बांधता ते एवढंच म्हणाले, "आणि त्या घागरीचं लाल कापड आजच्या आज बदल."

घरात दुसरं जाड कापड नव्हतं. तेव्हापासून ती घागर राघवेंद्रांच्या जुन्या निळ्या पट्ट्यांच्या सदऱ्यात असे, गुंड्यांसकट. धुरपदाबाई पुढं कितीतरी वर्षं येत राहिल्या. गाडीतून उतरल्या की दत्तोपंतांना नमस्कार, आणि लगेच खोलीकडं बघून विचारत, "पोरी, कारकून बरा हाय का?"