चंद्र न उगवणाऱ्या गावातली संकष्टी

माझी लेक नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला नर्स आहे. उन्हाळ्यात बोटीनं लहान लहान गावं फिरते, म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बीपी-शुगर बघते. जूनमध्ये मी तिच्याकडे गेले तर म्हणाली, चल माझ्याबरोबर. बाजारच्या दिवशी आमच्या मिरजगावच्या एसटीत जेवढी माणसं कोंबतात ना, तेवढी तिथल्या अख्ख्या गावाची वस्ती. तिसऱ्या गावात तर सोळा घरं, एक दुकान, आणि काठानं लाकडी मांडवांवर मासेच मासे वाळत घातलेले. त्या वासानं माझं डोकं उठलं. आणि त्यात नेमकी संकष्टी.

ही संकष्टी मी हौसेनं धरलेली नाही. लेक दोन वर्षांची असताना तापानं फणफणली, नगरच्या डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा मी गणपतीला बोलले होते, ही वाचू दे, जन्मभर चंद्र उगवल्याशिवाय संकष्टीला अन्नाला शिवणार नाही. ती वाचली. तेव्हापासून एकही मोडली नाही, कांद्याच्या काढणीत नाही की माझ्या ऑपरेशनच्या वेळी नाही. हे सगळं लेकीलाही ठाऊक आहे.

आणि तीच मला सकाळी सांगते, आई, इथं या दिवसांत सूर्य मावळत नाही आणि आज चंद्र उगवणारच नाही. मोबाईलवर दाखवलंसुद्धा. वर म्हणते, पावसाळ्यात ढग असले की कॅलेंडरातली वेळ बघून जेवतेसच की. संध्याकाळी गावाकडून तिच्या वडिलांचाही फोन, हितं चंद्र उगवला, आता गप जेव. मी दोघांनाही झाडलं. ढगाआड का होईना, चंद्र असतो तरी. जो उगवलाच नाही त्याला अर्घ्य कुठल्या तोंडानं द्यायचं? उद्या उगवेल, परवा उगवेल, तेव्हा जेवेन म्हटलं. लोक याला हट्ट म्हणतील, म्हणोत. माझ्या पोरीचा जीव त्या शब्दावर मिळालेला, तो शब्द मी कसा मोडू?

रात्रीचे दहा वाजले तरी लख्ख उजेड. दिवसभरात नुसता चहा पोटात, मला गरगरायला लागलं होतं. आम्ही उतरलो होतो त्या घराबाहेरच्या बाकावर बसून राहिले. समुद्रावरून धुकं आलं, सगळं गाव पुसून गेलं, आणि त्या धुक्यात पांढराफटक गोल दिसला. उन्हाची तिरीप नाही की काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. लेकीला हाक मारून विचारलं, चंद्रच ना गं तो? ती हो म्हणाली आणि आतून पाच मोदकांचं नैवेद्याचं ताट घेऊन आली.

मी पाणी सोडलं, अक्षता वाहिल्या, हात जोडले. संकष्टीचा चंद्र थोडा झिजलेला असतो आणि हा पुरता गोल होता, पण भुकेल्या डोळ्यांना कोण सांगणार? पाचातला एक मोदक खाल्ला, दुसरा अर्धा झाला, तोवर धुकं सरलं. डोळ्यांवर ऊन आलं. सूर्य होता तो.

ताट ढकलून दिलं आणि तोंडाला येईल ते बोलले तिला. देवाशी खोटं बोलायला लावलंस म्हटलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "सकाळपासून तुझे हात कापत होते, आई. जे काय पाप लागायचं ते मला लागू दे."

हिला काही होऊ नये म्हणून एवढी वर्षं उपाशी राहिले, आणि ही बया ते आपल्या हातानं ओढवून घेतेय. मी ताट पुन्हा पुढ्यात घेतलं.

"हिनं काही केलं नाही," मी देवाला मोठ्यानं सांगितलं. "मी बघून, समजून खातेय."

आणि सूर्याकडे तोंड करून उरलेले साडेतीन मोदक संपवले. तिला एकही दिला नाही.