विसावं नख
नेलकटर हातात घेतलं की शेतावरचं आमचं कुत्रं आठवतं आणि डोकं तापतं. त्याच्या मागच्या पायांनाही पाच-पाच नखं, म्हणजे वीसनखी, म्हणजे लई भारी राखणदार, असं वडिलांचं ठाम मत. त्यातलं वरचं एक नख जमिनीला न घासता वाढत गेलं आणि वळून मांसात रुतलं. मी कापायला बसलो की वडील आडवे यायचे. "नख गेलं की राखण गेली. हात लावू नको." शेवटी पाय पिकला आणि अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी ते मुळापासून काढलं. वडिलांनी ते काळ्या दोऱ्यात बांधून कुत्र्याच्याच गळ्यात घातलं. म्हणाले, "बघ, ईसच्या ईस हायेत." आजही ते आल्यागेल्याला सांगतात, आमचं कुत्रं वीसनखी होतं. ते मरेपर्यंत लंगडत होतं, हे मला सांगावं लागतं.