चांगुणाबाईचा पाय

दि. ८ जानेवारी २०२४ रोजी धामणगाव बढ्याच्या मी मुनीम असलेल्या वखारीतून सरपणाची बेचाळीस जड पोती ट्रॉलीत भरायची होती. मजुरी १,२६० रुपये. हमाल दयाराम एकसष्ट वर्षांचा. तो मध्येच थांबला तर उद्यापासून दुसरा माणूस, असे शेठ बजावून समोरच बसले होते. दयाराम फळीवरून पोते वर ओढी, बायको चांगुणाबाई खालून खांदा लावी.

तिसावे पोते चढवल्यावर दयारामला धाप लागली. तेवढ्यात चांगुणाबाई खाली बसली.

"काऊन बसली वं?" शेठांनी विचारले.

"मायाच पाय दुखून राह्यला. हे त कवाचे म्हणून राह्यले, ऊठ."

दयारामला धापेमुळे बोलताच येत नव्हते. पाच मिनिटांनी दोघांनी उरलेली पोती चढवली.

दयारामचे काम टिकले. थांबल्याचे दहा रुपये मी नियमाप्रमाणे चांगुणाबाईच्या मजुरीतून कापले. ते मी तिला अजून देणे लागतो.