ब्लाऊजपीसचा मोक्ष

विरारला मनवेलपाड्यात नवीन राहायला आलो, त्या वर्षीची संक्रांत. २००२ किंवा ०३ असेल... बिल्डिंगला नाव होतं, नळाला पाणी नव्हतं.

सणाच्या आधी आमच्या सौ.ने कपाटाचा वरचा कप्पा पलंगावर रिकामा केला. सगळे ब्लाऊजपीस... हळदीकुंकवात, ओटीत, मुंजीत मिळालेले. शिवलेला एकही नाही, कारण एकही कुठल्याच साडीवर जात नव्हता.

पुरुषवर्गासाठी खुलासा करतो. ब्लाऊजपीस हा कापडाचा प्रकार नसून जीवात्म्याचा आहे. या घरातून त्या घरात जातो, घडी तीच राहते, कुंकवाचं बोट तेवढं नवीन लागतं.

सौ.ने ठरवलं, यंदा हा फेरा थांबवायचा. सगळ्यांच्या पिशव्या शिवायच्या आणि हळदीकुंकवाला त्याच वाण म्हणून लुटायच्या.

तिच्या माहेरचं पायमशीन गॅलरीत आलं. कापड पातळ, म्हणून आतून अस्तर हवं... त्यासाठी माझे दोन सुती लेंगे कामी आले. हे मला आंघोळ करून बाहेर आल्यावर कळलं. एका पिशवीला बटण कमी पडलं, तर माझ्या चौकड्याच्या शर्टाचं काढलं.

मी मदतीला होतोच. दोरे कापत होतो आणि मतं देत होतो... पैकी एकच काम मला सांगितलेलं होतं.

पिशव्या मात्र देखण्या झाल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी तोंडभरून कौतुक केलं. आणि दुसऱ्या दिवसापासून सौ. गॅलरीत उभी. बाजारातून येणाऱ्या प्रत्येकीच्या हाताकडे नजर... सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या.

"आवडल्या नसतील का हो?" तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, वस्तू हाताला रुळायला वेळ लागतो. माझाही त्यावर फारसा विश्वास नव्हता.

रथसप्तमीला ती शेजारच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकवाला जाऊन आली आणि मिळालेलं वाण टेबलावर ठेवलं. जांभळी पिशवी, घडीसुद्धा न मोडलेली... वर माझ्या शर्टाचं बटण. आमच्याकडे आलेल्यांपैकीच कोणीतरी ती पुढे ढकलली होती.

पुनर्जन्मावर मला बरंच काही बोलता आलं असतं. पण तिचा चेहरा बघून पिशवी उचलून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. संध्याकाळी मशीनवर चादर पडली.

मग एका सकाळी दारात वटार गावच्या मावशी. घरची केळी आणि फुलं विकायला त्या आमच्याकडे यायच्या. हळदीकुंकवाच्या दिवशी नेमक्या दारात आल्या, म्हणून सौ.ने त्यांनाही कुंकू लावून एक पिशवी दिली होती. मी ते विसरलोही होतो.

तीच पिशवी त्यांच्या हातात होती. केळीच्या चिकाने काळी पडलेली, एक बंद तुटून सुतळीने बांधलेला, शिवण सुटून माझा लेंगा बाहेर डोकावत असलेला...

"बाय, रोज हीच नेते मी," मावशी कुरकुरल्या, "पन बंद बारीक लावलास गो तू. आता जाड लावून दे."

मी आजवर केलेल्या एकाही तक्रारीवर सौ.ला इतकं खूश झालेलं पाहिलेलं नाही. मावशींना आत बसवलं, चहा टाकला, मशीनवरची चादर काढली.

आणि परत आलेली ती जांभळी पिशवी तिने सरळ उसवली. चार पदरी दुमडून तिचेच नवे बंद केले... चांगले जाड. मावशींनी दोन्ही हातांनी ओढून पाहिले, "आता कशी" म्हणाल्या, आणि केळ्यांची एक फणी ठेवून गेल्या.

मोक्षाविषयी मी पुष्कळ वाचलं होतं. तो असा डाग पडून, रोज वापरून, दारात दुरुस्तीला येतो, हे मावशींमुळे कळलं... त्यांचे आभार.

माझं बटणही मला परत मिळालं. शर्ट मात्र पुढच्याच आठवड्यात अस्तराला गेला.