आरशातल्या गप्पा

वस्तादांना समोरासमोर बोलता येत नाही, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं ते अर्धांगाचा झटका येऊन घरी पडल्यावर. उभ्या जन्मात त्यांनी माणसांशी बोलणं केलं ते आरशातून. गिऱ्हाईक खुर्चीत, वस्ताद त्याच्या पाठीमागे, आणि नजरेला नजर मिळायची ती समोरच्या काचेत. कात्री चालू झाली की जीभही सुटायची. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा जावई सासरीच ठाण मांडून बसला, सगळं दुकानात कळे. आणि कोणी दुसरीकडे केस कापून आला, तर त्याची धडगत नसे. "कोणी केले हे? उंदराने?" दुसऱ्याच्या हाताला बरं म्हणायचं नाही, हा त्यांचा बाणा.

आता डावी बाजू गेलेली, आणि उरलेला उजवा हात थरथरता. लेक सकाळी कामाला जायची, दिवसभर सांभाळायला एक मावशी यायच्या. औषधपाणी, अंघोळ, जेवण, कशात म्हणून कसूर नव्हती. पण वस्ताद भिंतीकडे तोंड करून पडलेले असत.

"माझ्याशी नका बोलू," मावशी म्हणाल्या, "पण कोणाशी तरी बोला. मनाला गंज चढेल अशाने."

त्यांनीच खटपट करून वस्तादांच्या जुन्या गिऱ्हाइकाला, रिटायर झालेल्या पोस्टमनला, बोलावून आणलं. दोघे समोरासमोर बसले.

"कसं काय?"

"चाललंय. तुझं?"

"चाललंय."

बशीतल्या बिस्किटांनाही अवघडल्यासारखं झालं असेल. शेवटी वस्तादच वैतागले. "मावशी, ह्याचं तोंड बघून मला काही सुचत नाही. आयुष्यभर मी ह्याची टाळू बघितली."

मावशी हसत सुटल्या. भिंतीवरचा आरसा काढून त्यांनी टेबलावर टेकवला, पोस्टमनला त्याच्यापुढे बसवलं, वस्तादांची चाकांची खुर्ची मागे लावली आणि हातात कंगवा दिला. कंगवा केसांना लागला मात्र, वस्तादांनी पोस्टमनच्या व्याह्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी ते भात मागून जेवले.

मग दर आठवड्याला बैठक बसू लागली. एकदा वस्ताद म्हणाले, "नुसता कंगवा किती दिवस फिरवू? कात्री द्या."

मावशी घुटमळल्या. "द्या हो," पोस्टमन म्हणाला, "इतकी वर्षं ह्याच्या हातात मान दिलीय."

मागची बाजू झकास उतरली. कानापाशी मात्र हाताने दगा दिला. जखम एवढीशी, पण पोस्टमनला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. टॉवेल भिजला तरी रक्त थांबेना. डॉक्टरांकडे नेऊन टाके घालावे लागले.

संध्याकाळी पोस्टमनचा मुलगा आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "काका, तुमच्यावर राग नाही," तो म्हणाला. "पण बाबांना काही झालं असतं तर मी काय केलं असतं?" लेकीने आरसा परत भिंतीवर टांगला आणि कात्री कुलपात टाकली. मावशींनाही चार शब्द ऐकावे लागले. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतले, कारण आपली चूक नाही असं त्यांना म्हणता येईना.

वस्तादांचं तोंड पुन्हा भिंतीकडे झालं. मावशी पोस्टमनच्या घरी फोन करायच्या. मुलगा उचलायचा आणि बाबा झोपलेत म्हणायचा. पण मावशीही चिकट. बऱ्याच दिवसांनी बापलेक दोघेही आले. पोस्टमनच्या डोक्यावर टोपी होती.

"कसं काय?"

"चाललंय."

"टोपी काढ," वस्ताद म्हणाले.

पोस्टमनने मुलाकडे पाहिलं आणि टोपी काढली. कुठे कातडी दिसत होती, कुठे झुबका तसाच राहिला होता. टाके घातलेल्या कानाच्या आसपास तर मशीन फिरवायलाच मुलगा भ्यालेला दिसत होता.

"घरीच केलं मी, काका," मुलगा ओशाळून म्हणाला.

उंदीर वस्तादांच्या अगदी जिभेवर आला होता. पोस्टमनही त्याचीच वाट बघत बसला होता, डोळ्यांत हसू जमवून. पण आता कोणत्या तोंडाने बोलणार? वस्तादांनी थरथरता हात पांघरुणाखाली घेतला.

"चांगले कापलेत," ते म्हणाले.

पोस्टमनच्या डोळ्यांतलं हसू विरलं. त्याने टोपी परत घातली.