नाईनच्या मुलाचं वाक्य

भिंगकाकांचं चष्म्याचं दुकान एवढंसं होतं. एक काचेचं कपाट, भिंगं घासायचं मशीन, एक उंच खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की काका त्याचा एक डोळा झाकायचे आणि विचारायचे, "खालची ओळ वाचा." गिऱ्हाईक मान पुढे काढून, डोळा बारीक करून काहीतरी ठोकून द्यायचं. काका लगेच थांबवायचे. "अंदाजाने बोलू नका. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. मी काही मार्क कापणार नाही."

चर्चसाठी दर वर्षी नाटक लिहायचं कामही त्यांच्याचकडे होतं, आणि तिथेही ते असेच कडक होते. नाटक शुभवर्तमानातल्या एखाद्या प्रसंगावर असे. प्रभूच्या तोंडी पुस्तकाबाहेरचा एक शब्द घालायचा नाही, हा पहिला नियम. बाकीच्यांना बोलू द्यायचं, पण जपून. कोळी आहे तर तो जाळ्याबद्दल कुरकुर करणारच. जकातदाराच्या शेजाऱ्यांना त्याचा राग असणारच. अशा ठिकाणी काकांची लेखणी मोकळी सुटायची आणि मंडळी पोट धरून हसायची.

बायको होती तोपर्यंत नाटक दोघांचं असे. ती पडद्याआड स्टुलावर बसून विसरलेली वाक्यं हळूच पुरवायची आणि काकांना "लेखक" म्हणून हाक मारायची. "अहो लेखक, तुमचा पेत्र कोळी फार लांबण लावतो, दोन वाक्यं छाटा." काका चिडायचे, पण छाटायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवणारी बाई छताकडे बघत पडून राहिली. तिची धाकटी बहीण, काकांची मेहुणी, मुक्कामाला आली. ती विधवा होती, मुलगा दूर शहरात नोकरीला होता; ती शिवणकाम करायची, मशीनसकट आली. काका सकाळी दुकानात जायचे, दुपारी येऊन बायकोला भरवायचे. एका दुपारी ते घरी पोचले तेव्हा मेहुणी दारातच उभी होती आणि सगळं संपलेलं होतं.

काकांना रडू फुटेना. चपला पायात तशाच. त्यांनी एवढंच विचारलं, "काही म्हणाली?"

मेहुणी क्षणभर थांबली. म्हणाली, "हो. बोलली ताई. म्हणाली, माझी काळजी करू नका, जिवाला जपा."

या एका वाक्यावर काकांनी सहा वर्षं काढली. थंडीत स्वेटर घालताना, औषधाची गोळी घेताना, एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा आला तरी लावताना त्यांना ते ऐकू यायचं. कुणाला ते सांगत नसत. मेहुणी नंतर दोन गल्ल्या पलीकडे खोली घेऊन राहिली. रविवारी उपासनेनंतर ती काकांकडे जेवायला यायची, दोघं ताईबद्दल बोलायची, आणि मग ती आपल्या खोलीवर जायची. काकांचा आठवडा त्या एका जेवणाला टांगलेला असायचा.

बायको जाऊन सहा वर्षं झाली त्या वर्षी काकांनी नाईन गावच्या विधवेची गोष्ट घेतली. विधवेचा एकुलता एक मुलगा मरतो. अंत्ययात्रा वेशीबाहेर पडत असताना प्रभू समोरून येतो, त्याला तिचा कळवळा येतो, तो तिरडीला हात लावतो, आणि मेलेला मुलगा उठून बसतो. विधवेचं काम मेहुणीला दिलं. मुलाचं काम गल्लीतल्या वायरमनला, कारण तो उंच होता आणि त्याला पाठांतर जमत नसे. मेलेल्याला पाठ काय करायचं असतं? पहिल्याच तालमीत तो तिरडीवर गाढ झोपला आणि घोरू लागला. खांदेकऱ्यांना हसू आवरेना. काका ओरडले, "अरे, प्रभू येईपर्यंत तरी मेलेला राहा!"

पण खरी अडचण उठून बसल्यानंतरची होती. मुलगा उठून बसला आणि बोलू लागला, असं पुस्तकात स्पष्ट आहे. काय बोलला, ते कुठेच नाही. काकांनी संहितेत त्या जागी कंस टाकला होता: मुलगा बोलतो. कंस तसाच राहिला. तालमींवर तालमी झाल्या. वायरमन उठून बसायचा, डोळे चोळायचा आणि विचारायचा, "काका, बोलू काय?"

"थांब जरा. बघतो."

चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नवीन होते, उत्साही होते. ते एका संध्याकाळी काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "काका, इथे साक्ष हवी. मुलगा उभा राहून लोकांना सांगेल की प्रभूने मला जीवन दिलं. लोक हलून जातील."

"पुस्तकात नाही ते."

"विधवेची शेजारीणही पुस्तकात नाही. तुम्ही तिला चांगली दोन पानं दिलीत की!"

"शेजारीण असणारच हो," काका म्हणाले. "पोर गेल्यावर कुणीतरी घरात येऊन चूल पेटवली असणार. एवढं मला माहीत आहे, मी बघितलंय. पण मरून परत आलेला माणूस पहिलं काय बोलतो, ते मला माहीत नाही. तुम्हाला आहे?"

पाळक हसले. "मलाही नाही. पण रंगमंचावर कुणीतरी काहीतरी बोलायला तर हवं."

हे मात्र खरं होतं. काका घरी जाऊन लिहीत बसायचे. 'आई, तहान लागली.' 'आई, केवढा उजेड!' लिहायचे आणि खोडायचे. आपण परक्याच्या घरात न विचारता शिरलोय, असं त्यांना वाटायचं.

पुढच्या तालमीला वायरमनने पुन्हा तेच विचारलं तेव्हा सगळेच वैतागले होते. मेहुणीला तर शिवणाची कामं पडलेली होती. ती तिरडीशेजारी गुडघ्यांवर बसली होती, तशीच म्हणाली, "अरे, एवढं काय त्यात? आई, माझी काळजी करू नकोस, जिवाला जप. म्हण आणि मोकळा हो."

वायरमनने लगेच म्हणून दाखवलं. सगळ्यांना आवडलं. पाळकांची बायको म्हणाली, "अगदी खरं वाटलं बाई!"

काकांनी लिहायला उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं. चाळीस वर्षं माणसांना बोलतं करून त्यांचा कान तयार झाला होता. कुठलं वाक्य कुणाचं, हे त्यांना न बघता कळायचं. हे वाक्य मेहुणीचं होतं. 'जिवाला जपा' हे तीच म्हणायची, कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा. बायकोने हे शब्द जन्मात कधी उच्चारले नव्हते. ती म्हणाली असती, 'लेखक, आता तरी छत्री विसरू नका.' ही एवढी साधी गोष्ट सहा वर्षांत आपल्या ध्यानात कशी आली नाही? की यायला नकोच होती?

तालीम संपली. हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला लावताना काका मेहुणीजवळ गेले. आवाज चढवला नाही.

"तुझी ताई ते बोलली नव्हती ना?"

मेहुणीने हातातली खुर्ची खाली ठेवली. "भाऊजी..."

"बोलली नव्हती."

"तुम्ही दारात उभे होतात," ती म्हणाली. "तुमचं तोंड मला बघवत नव्हतं. काहीतरी हातात द्यायला हवं होतं."

काकांनी मान हलवली. खुर्ची उचलून रांगेत लावली आणि घरी गेले.

त्या रविवारी ती जेवायला आली नाही, आणि काकांनी बोलावलं नाही. त्यांना तिचा राग आला होता का? आला होता, पण त्याहून जास्त त्यांना ओशाळल्यासारखं झालं होतं. जे वाक्य बायकोने कधी उच्चारलंच नव्हतं, त्याच्याशी ते सहा वर्षं संसार करत होते. कपाट उघडलं की स्वेटर दिसायचा. त्याच्याकडे बघून आता काहीच ऐकू येत नव्हतं. बायको पुन्हा एकदा गेली, आणि या वेळी दारात कुणी नव्हतं. दुकानात एका बाईंचा चष्मा त्यांनी दुसऱ्याच नंबरचा करून दिला. ती बिचारी दोन दिवस भिंती धरून चालली.

पाळक दुकानात आले. "काका, नाटक तोंडावर आलंय. तुम्ही तालमीला येत नाही. ते वाक्य पक्कं करू का?"

"करू नका."

"मग?"

"मला आधी एका माणसाला काहीतरी विचारायचंय. मग सांगतो."

दुकान लवकर बंद करून ते मेहुणीच्या खोलीवर गेले. ती मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवला आणि उठून त्यांच्यासाठी खुर्चीवरचे कपडे बाजूला केले. पाणी दिलं.

"मी भांडायला आलो नाही," काका म्हणाले. "फक्त सांग. ती काहीतरी बोलली होती की तेही नाही?"

"बोलली होती. खरंच. शपथेवर."

"मग जे ऐकलंस तेवढंच सांग. अर्थ लावू नकोस. चांगलं करू नकोस."

मेहुणी खिडकीकडे बघत राहिली. मग तिने डोळे मिटले, तोंड एका बाजूला थोडं ओढून घेतलं आणि एक आवाज काढला. दोन अक्षरं होती. पहिलं आखूड, घशातच अडकलेलं. दुसरं लांब, शेवटाला जरा वर चढणारं. शब्द नव्हता तो. हाक असेल, विचारणं असेल, नुसता श्वासही असेल.

"पुन्हा," काका म्हणाले.

तिने पुन्हा काढला.

"आणि कुठे बघत होती?"

"दाराकडे. पण भाऊजी, तिची मान तिकडेच वळायची. त्यातून काही..."

"बरोबर. त्यातून काही काढायचं नाही."

मग त्यांना रडू आलं. सहा वर्षांपूर्वी चपला पायात असताना जे अडलं होतं, ते आत्ता आलं. मेहुणीने त्यांना आवरलं नाही, समजूत घातली नाही. घालायला तिच्याकडे आता वाक्य उरलं नव्हतं. ती शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी काका तालमीला गेले आणि त्यांनी वायरमनला सांगितलं, "उठून बसलास की प्रभू तुझा हात आईच्या हातात देईल. तू तिच्या कानाशी वाकायचं आणि बोलायचं. खरोखर बोलायचं, ओठ हलवायचे नाहीत नुसते. तिला ऐकू जाईल एवढंच."

"पण काय बोलू?"

"ते तुझं तू बघ. मला सांगू नकोस."

"आणि लोकांना ऐकू नाही आलं तर?"

"येऊच नये. लोक तेव्हा घाबरून देवाचं नाव घेऊन ओरडताहेत. ते पुस्तकात आहे. सगळ्यांनी मोठ्याने ओरडा."

पाळकांनी विचार केला आणि म्हणाले, "हे मला सुचलं नसतं." मग प्रामाणिकपणे पुस्ती जोडली, "मला अजूनही साक्षच आवडली असती."

प्रयोगाला हॉल भरला होता. खांदेकरी तिरडी घेऊन आले. वायरमन या वेळी घोरला नाही. तो उठून बसला, गर्दी किंचाळली, आणि त्या गोंगाटात तो मेहुणीच्या कानाशी वाकला. काका पडद्याआड उभे होते. त्यांना फक्त मेहुणीची पाठ दिसत होती. ती आधी ताठ झाली आणि मग हळूहळू त्या उंच माणसाच्या खांद्यावर टेकली. पडदा पडायचा होता तरी ती हलेना. ओढणाऱ्याने दोरी धरून ठेवली.

बाहेर पडताना लोकांनी काकांना सोडलं नाही. "काका, शेवटी पोरगं काय म्हणालं? आवाजच आला नाही!" एक म्हातारेबुवा तर खात्रीने सांगत होते की माईक बंद पडला. काका सगळ्यांना एकच उत्तर देत होते: "मलाही आला नाही."

उन्हाळा संपता संपता मेहुणीच्या मुलाने तिला आपल्या शहरात बोलावून घेतलं. सून बाळंतपणाला टेकली होती. काका मशीन उचलायला गेले आणि तिला बसस्टँडपर्यंत पोचवायलाही गेले. बस उशिरा आली. दोघं बाकावर बसून सुनेच्या तब्येतीबद्दल, नव्या घराच्या जिन्याबद्दल बोलत राहिली. ताईचं नाव मध्ये एकदाच निघालं.

"ताई असती तर बाळंतविडा तिने शिवायला घेतला असता," मेहुणी म्हणाली.

"आणि अर्धवट टाकला असता," काका म्हणाले. दोघंही हसली. ते खरं होतं.

बस गेल्यावर काका पायीच निघाले. दुकानाला सुट्टी होती, घरी कुणी वाट बघणारं नव्हतं. बायकोला ओळखणारं माणूस आता बोलायला उरलं नाही, एवढं त्यांना चालताना जाणवत होतं. नाक्यावर वायरमन दिव्याच्या खांबाला शिडी लावून वर चढला होता. त्याने वरून हाक मारली, "काका, जोडीदार आलेला नाही. जरा शिडी धरता का?"

काकांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. वरून तारांचे तुकडे पडत होते. वायरमन काम करता करता काहीबाही बोलत होता. नाटकातल्या त्या क्षणाबद्दल तो काही बोलला नाही आणि काकांनी विचारलं नाही. दिवा लागेपर्यंत ते तसेच उभे राहिले.