खुशी कुणाची

लढाईच्या दिवसांत मी धानोऱ्याच्या चावडीवर सरकारी कागद वाचून दाखवायचो. लोक मान हलवत आणि अंगठा देत. एक म्हातारी शेतकरीण मात्र डोळे मिटून ऐकायची आणि शब्द खटकला की बोट वर करायची. "थांब, भाऊ. हाई कोन म्हनस?" हे कोण म्हणतंय, ते तिला आधी कळायला हवं असे. तिला अक्षरओळख नव्हती, तरी तिच्यापुढे मी शब्द न शब्द जपून वाचायचो.

एकदा सैन्यासाठी बैलगाड्या न्यायला साहेब आले. प्रत्येक गाडीवाल्याचा वेगळा कागद होता. तिचा मी वाचला, "मी माझी गाडी खुशीने देत आहे."

बोट वर झालं. "मन्ही खुशी कोन इचारी?"

साहेब ओरडले, "अंगठा दे! गाडी तशीही जाणारच."

"लई जा, साहेब. पन मन्ही खुशी लिखू नका. हुकूम शे ना? मंग हुकूम लिखा."

तिने हात पदराखाली घेतला. साहेब माझ्याकडे वळले, "आटप लवकर!" मी 'खुशीने' खोडून 'हुकमाने' लिहिलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. मगच तिने अंगठा उठवला.

साहेबांनी पुढच्या गाडीवाल्याला बोलावलं. तो माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "माले बी एकेक शबद वाची दखाड."